दिवाळी अंकाच्या जुन्या फाइली : कामाच्या नोंदी

४ जून २०२५

गावातल्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम आजपासून हातात घेतलं. १९९४ पासून २०१४ पर्यंतचे अंक इथल्याच एका छापखान्यात पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅमवर जुळवले गेले. फाइली सीडींवर आहेत. सुरुवातीच्या वर्षांच्या फ्लॉपींवर होत्या, त्या छापखान्याच्या काकांनी वेळीच उतरवून घेतल्या म्हणून वाचल्या. ग्रंथपाल मॅडमचं मागणं स्पष्ट आहे : "अमक्या लेखकाने आपल्याकडे काय काय लिहिलंय असं कुणी विचारलं, तर मला पटकन सांगता आलं पाहिजे. आणि वाचकाला एखादा शब्द टाकून घरबसल्या लेख सापडला पाहिजे."

त्यासाठी अंक स्कॅन करून पीडीएफ चढवल्या की झालं, असं समितीतल्या काहींचं म्हणणं पडलं. पण स्कॅन म्हणजे चित्र, आणि चित्रात शब्द शोधता येत नाही. टेसरॅक्टसारखं मोफत साधन चित्रातली मराठी अक्षरं ओळखतं, पण फिकट छपाई, जोडाक्षरं आणि अनुस्वार आले की अडखळतं. आपल्याकडे तर जुळणी करताना दाबलेली कळ न् कळ फाइलीत शिल्लक आहे. मजकूरच हाताशी असताना त्याच्या छायाचित्रावरून तो पुन्हा ओळखायचा, हे मला पटत नाही. ज्या वर्षांच्या सीडी वाचल्याच जात नाहीत, तेवढ्यांसाठी टेसरॅक्ट वापरू.

७ जून

पेजमेकर ऑल्डस कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणलं, १९९४ मध्ये ते अडोबीकडे गेलं आणि २००१ च्या सातव्या आवृत्तीनंतर थांबलं. त्याच्या जागी आलेलं आजचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. छापखान्यात विंडोज एक्सपीचं एक मशीन काकांनी जपून ठेवलंय, जुनी गिऱ्हाइकं लग्नपत्रिकेचा तोच साचा मागतात म्हणून. त्याच मशीनवर बसून एकेक लेख मजकूर म्हणून बाहेर काढतोय.

बाहेर येतो तो मजकूर उघडला की सगळी रोमन अक्षरं, कंस, डॉलर, युरोपीय टोप्या घातलेले स्वर. मराठीचं एक अक्षर नाही. फाइल बिघडलेली नाही, ती तशीच आहे. त्या काळातले मराठी फॉन्ट संगणकाला फसवून चालायचे. संगणकाच्या लेखी इंग्रजीच टंकित होत असे, फॉन्ट मात्र त्या इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवायचा. फॉन्ट काढून घेतला की मराठीही गेली.

हे करणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. विंडोजमध्ये देवनागरीची रीतसर सोय २००० साली आली. तोवर मराठीत वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक निघतच होते, आणि ते थांबवून ठेवणं कुणाला परवडणारं नव्हतं. वाईट एवढंच झालं की प्रत्येक फॉन्ट कंपनीने तुकड्यांची मांडणी आपापल्या मनाने ठेवली. एका फॉन्टात जिथे ‘क’, तिथे दुसऱ्यात अर्धा ‘ष’. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं प्रमाण १९९१ मध्ये मान्य झालेलं होतं, युनिकोडने, म्हणजे जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या आजच्या प्रमाणाने, देवनागरीची मांडणी घेतली तीही इस्कीच्याच आधीच्या रूपावरून. पण डीटीपीच्या टेबलापर्यंत ते प्रमाण पोचलं नाही. तिथे कागदावर अक्षर चांगलं उमटलं की काम झालं.

११ जून

या फॉन्टाचा नकाशा कुठेच छापलेला मिळेना. शेवटी तो मिळाला त्या वेळी डीटीपी करणाऱ्या ताईंकडे. त्या आता शिवणाचे क्लास घेतात. त्यांनी कपाटातून पुठ्ठ्याला चिकटवलेला एक तक्ता काढला. कळफलकाचं चित्र, प्रत्येक कळीवर वरखाली दोन देवनागरी तुकडे, आणि खाली पेनाने लिहिलेली यादी : ऑल्ट दाबून कुठला आकडा टाकला की कुठलं जोडाक्षर येतं. यादीतले बरेच आकडे त्यांना अजून पाठ आहेत.

मी विचारलं, "ताई, ‘वाङ्मय’ कसं लिहायचात?"

"ङ नव्हताच या फॉन्टात. ड काढायचा, पाय मोडायचा आणि पुढे पूर्णविराम द्यायचा. मग तो जरा वर उचलायचा. छापल्यावर कळत नाही."

म्हणजे वीस वर्षांच्या अंकांत ‘वाङ्मय’ हा शब्द ड, हलन्त आणि पूर्णविराम असा साठवलेला आहे. कागदावर तो अगदी शुद्ध दिसतो. रूपांतर करताना मात्र त्या जागी वाक्य संपल्यासारखं होतं, आणि पुढचा ‘मय’ नवीन वाक्य म्हणून उभा राहतो. हे मला तक्ता बघून कधीच कळलं नसतं. अशा युक्त्यांची वेगळी यादी ताईंच्या तोंडून लिहून घेतली. त्यांना म्हटलं, तुमचं नाव प्रकल्पाच्या पानावर घालतो. आधी नको म्हणाल्या, मग म्हणाल्या, "माहेरचं नाव घाला, तेव्हा तेच होतं."

१४ जून

रूपांतराचा गाभा आज लिहिला. आकड्याच्या जागी आकडा बदलण्याचा भाग सोपा आहे. खरं काम क्रमाचं आहे.

जुन्या फॉन्टात अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘मार्मिक’ घ्या. जुन्या फाइलीत क्रम असा : म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क. वेलांटी डावीकडे दिसते म्हणून आधी, रफार डोक्यावर उजवीकडे दिसतो म्हणून नंतर. युनिकोडला हवं : म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीने एक अक्षर पुढे उडी मारायची आणि रफाराने एक अक्षर मागे. आणि हे ‘एक अक्षर’ म्हणजे पूर्ण जोडाक्षर. ‘व्यक्तिमत्त्व’मधली वेलांटी ‘क्त’ या अख्ख्या जोडाला ओलांडून जाते. ‘वर्त्स्य’ लिहिणाऱ्या भाषाशास्त्राच्या लेखात रफाराला तीन व्यंजनांचा जोड ओलांडून मागे यावं लागतं.

त्यात शिरोरेषेवरच्या जागेची टंचाई. फॉन्टात दोनशेच्या आसपास घरं, प्रत्येक आकड्याला एक, म्हणून काही घरांत दुसरी वेलांटी, रफार आणि अनुस्वार एकत्र कोंबलेले. त्यांना आधी सुटं करायचं, मग जागा लावायच्या. आणि बऱ्याच व्यंजनांचं अर्धं रूप एका घरात, उभा दंड दुसऱ्या घरात : अर्धा ग आणि दंड मिळून ग. तोच दंड काना म्हणूनही वापरलेला. मग ‘गा’ म्हणजे अर्धा ग आणि दोन दंड. पहिला दंड व्यंजनाचा, दुसरा स्वराचा.

या कोड्यात मला मनापासून मजा येते. प्रत्येक नियमाला मराठीतलाच एखादा शब्द पुरावा म्हणून उभा राहतो.

१५ जून

आकडा १७३ चं घर. लॅटिन मांडणीत तिथे ‘मऊ जोडरेषा’ असते, फक्त ओळ तुटली तरच दिसणारी. आपल्या फॉन्टात तिथे एक अर्धं व्यंजन आहे. मजकूर ईमेलमधून किंवा वेबपानातून कॉपी केला, की वाटेतले अनेक प्रोग्रॅम ते अदृश्य चिन्ह समजून गाळतात. १६० चंही तसंच, ते साधी मोकळी जागा बनतं. म्हणून नियम : एक्सपीच्या मशीनवरून मजकूर फक्त फाइल म्हणून आणायचा, कॉपी-पेस्ट बंद. काकांनाही सांगून ठेवलं.

२१ जून

आज कुठली तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला कोडचा संच, घ्यायची यावर विचार केला. जुन्या फॉन्टांचं युनिकोड करणारे दोनतीन संच मिळतात, पण त्यांच्या पोटात आणखी दहा संच, आणि त्यांच्या पोटात आणखी.

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अकरा ओळींचा तुकडा त्याच्या लेखकाने एनपीएम या कोडच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतला आणि जगभर हजारो प्रकल्पांची बांधणी अडली. तो तुकडा करायचा काय, तर शब्दाच्या डाव्या बाजूला मोकळी जागा भरायची. मार्च २०२४ चं एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाचं प्रकरण त्याहून गंभीर. एकट्याने, फावल्या वेळात सांभाळलेल्या त्या प्रकल्पात ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोडीगुलाबीने काम करत विश्वास मिळवला आणि शेवटी आत चोरदार ठेवलं. ते सापडलं कारण आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या प्रोग्रॅमरला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, आणि खटकलेलं त्याने सोडून दिलं नाही. त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे. अर्धा सेकंद किती जणांना जाणवला असेल, आणि जाणवूनही किती जण पुढे गेले असतील.

पण त्या घटनेतून मला जास्त लागतं ते दुसरंच. मूळ सांभाळणारा माणूस थकला होता, आणि प्रकल्पाच्या ईमेल-यादीवरची मंडळी त्याला ‘काम लवकर होत नाही’ म्हणून टोचत होती. त्या टोचण्यातूनच नवख्याच्या हाती किल्ल्या गेल्या. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवर हक्काने चिडायची सवय इंटरनेटने आपल्याला लावली आहे. मराठीतही बघतो : कुणी रात्री जागून मोफत कळफलक बनवतो, आणि खाली पहिली प्रतिक्रिया ‘अमुक अक्षर येत नाही, बेकार’.

निर्णय : रूपांतर फक्त पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, तिच्या सोबत येणाऱ्या प्रमाण संचाबाहेरचं काही न घेता. कोड थोडा लांबेल, पण दहा वर्षांनी वाचनालयात कुणी पोराने तो चालवायचा म्हटला तर चालला पाहिजे. नकाशा कोडमध्ये न गुंफता वेगळ्या साध्या तक्त्यात ठेवला आहे, म्हणजे प्रोग्रॅमिंग न येणारा माणूसही तो वाचून दुरुस्त करू शकेल.

२८ जून

आजचा दिवस ‘ऱ्या’मध्ये गेला, आणि जायलाच हवा होता.

आचार्यांना वाढलं आणि आचाऱ्यांना वाढलं, यांत पंगतीचा अर्थ बदलतो. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या डोंगरातल्या. हा अर्ध्या र चा आडवा आकार मराठीला लागतो, हिंदीला तो लागत नाही. त्यामुळे हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या साधनांत हा हमखास चिरडला जातो.

युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. एक : नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, म्हणजे क्रमांक ०९३१, मग हलन्त, मग य. दोन : साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. दुसरी पद्धत १९९६ च्या युनिकोड २.० पासूनची, जुन्या मजकुरासाठी अजून चालू ठेवलेली. दोन्ही पडद्यावर हुबेहूब सारखी. पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नियमांतूनही ते एक होत नाहीत. एका पद्धतीने ‘दऱ्या’ शोधलं तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या दऱ्या सापडणार नाहीत.

मी पहिली पद्धत घेतली. कारण अनुभवाचं आहे : ‘अदृश्य अक्षरं स्वच्छ करा’ अशी सोय आज अनेक संपादन-साधनांत असते. इंग्रजी मजकुरात अशी अक्षरं कचरा असतात, म्हणून ती सरसकट पुसली जातात. दुसऱ्या पद्धतीतलं जोडचिन्ह पुसलं गेलं की सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो आणि कुणाला काही कळतही नाही. पहिल्या पद्धतीत पुसण्यासारखं अदृश्य काही नाही.

‘ॲ’चं याहून वाईट. तो २००८ मध्ये युनिकोड ५.१ मध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीचे लोक अ पुढे चंद्र देत, काही मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालत, काही हिंदीचा ऍ वापरत. आज जालावर चारही प्रकार सुखाने नांदतात. ‘ॲड.’ लावणारे वकील आपल्या अंकात बरेच लिहीत, त्यामुळे लेखकांच्या सूचीत हे चार ठिकाणी विखुरले असते. साठवताना एकच ‘ॲ’, आणि शोधताना वाचकाने कुठलाही टाकला तरी तो आधी त्या एकात बदलून घ्यायचा. असंच ‘ऱ’चंही.

२९ जून

चाचण्यांचे शब्द : मार्मिक, कर्तृत्व, आचाऱ्यांना, तऱ्हेवाईक, ऱ्हास, वाङ्मय, व्यक्तिमत्त्व, ॲड., दूर्वांकुर, उद्ध्वस्त, ख्रिस्ती, हृद्य. सगळे पास. ‘ॲड.’ सोडला तर चाचण्यांत इंग्रजीचा एकही शब्द नाही, त्याचं समाधान वाटलं.

५ जुलै

संकेतस्थळाच्या यादीत लांब शीर्षकं कापून पुढे तीन टिंबं द्यायची आहेत. किती अक्षरांवर कापायचं?

‘क्षत्रिय’ या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात : क्ष, त्रि, य. पायथन म्हणतं आठ, कारण तो युनिकोडचे सुटे घटक मोजतो. डिस्कवर जागा लागते चोवीस बाइट, कारण यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट पडतात. आणि ‘वाचकाला दिसणारं अक्षर’ मोजायचा युनिकोडचा स्वतःचा जो नियम आहे, तो २०२३ पर्यंत पाच सांगायचा : क्, ष, त्, रि, य. त्या वर्षीच्या १५.१ आवृत्तीत देवनागरी आणि आणखी काही भारतीय लिप्यांसाठी जोडाक्षर न तोडण्याचा नियम आला आणि उत्तर एकदाचं तीन झालं. पहिलीतल्या मुलाला येणारं उत्तर प्रमाणात यायला १९९१ ते २०२३ एवढा काळ गेला.

यात कट नाही, दुर्लक्ष आहे. ज्या टेबलावर निर्णय होतात, तिथे आपली लिपी रोज वापरणारी माणसं कमी. २०१८ च्या फेब्रुवारीत एका तेलुगू अक्षराने आयफोनवरची अॅप्स कोसळत होती. संदेशात ते अक्षर आलं की संदेशांचं अॅपच बंद पडायचं. ते अक्षर आपलंच ‘ज्ञा’ होतं, तेलुगू लिपीतलं : ज, हलन्त, ञ, एक अदृश्य विलगचिन्ह, काना. काही दिवसांतच ११.२.६ आवृत्तीत दुरुस्ती आली. जगातल्या एवढ्या मोठ्या कंपनीच्या चाचणीत कोट्यवधी लोकांच्या लिपीतली ही मांडणी बसली नव्हती.

आणि हेही तितकंच खरं की आज माझ्या फोनवर मराठी सुबक दिसते ती काही मोजक्या माणसांच्या चिकाटीमुळे. अक्षरांचे तुकडे जुळवून रूप देणारं हार्फबझ हे इंजिन क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांच्या पोटात आहे. ते खुलं आहे आणि बेहदाद एस्फहबोद या इराणी वंशाच्या प्रोग्रॅमरने ते उभं केलं. अरबी-फारसीची दुखणी माहीत असलेल्या माणसाने बांधलं म्हणून देवनागरीचंही भलं झालं, असं मला वाटतं. मुंबईच्या एक टाइपने मुक्त आणि बलू हे टंक, आयआयटी मुंबईने शोभिका, असे मुक्त परवान्याने दिले. आपल्या संकेतस्थळावर मुक्त लावतोय. पानाची भाषा ‘मराठी’ अशी घोषित केली की, ज्या टंकात सोय आहे तिथे, पाकळीचा ल आणि शेंडीफोडा श येतो. नाहीतर हिंदी वळणाचा.

शीर्षकं कापण्याचं काम जोडाक्षराच्या सीमेवर, आणि शक्य तिथे शब्दाच्या सीमेवर.

१२ जुलै

सूचीचा क्रम. युनिकोडच्या क्रमांकात ळ हा ल च्या लगेच मागे येतो. मराठी मुळाक्षरांत तो ह नंतर, आणि त्याच्यामागे क्ष, ज्ञ. क्रमांकावर विसंबलं तर ‘क्षीरसागर’ हे ‘कुलकर्णी’ आणि ‘खरे’ यांच्या मध्ये जाऊन बसतात. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचं कार्ड कॅटलॉग बघा की." तिथे क्षीरसागर शेवटच्या खणात. त्यांचाच क्रम घेतला.

२० जुलै

छापलेल्या अंकाशी ताडून बघताना १९९८ च्या अंकातली एक कविता ओळखीची वाटली. ती गेली काही वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतेय, फुलांच्या चित्रावर, कधी एका मोठ्या कवीच्या नावाने, कधी ‘अज्ञात’. मूळ कवयित्री आमच्याच तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षिका. अंकात त्यांचं नाव आणि गाव छापलेलं आहे.

मराठी इंटरनेटचं हे मला फार दुखतं. आपल्याकडे मजकूर प्रचंड फिरतो आणि लेखकाचं नाव पहिल्याच वळणावर गळून पडतं. ‘आवडलं म्हणून पुढे पाठवलं’ यात प्रेम असतं, मान्य. पण चित्रावर लिहिलेली कविता शोधता येत नाही, तिचा उगम लागत नाही, आणि चूक झाली तर दुरुस्त करता येत नाही. दुसरीकडे, जिथे नाव टिकलं असतं त्या जागाच नाहीशा होतात. मोफत पानं बनवू देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला. ऑर्कुटच्या मराठी समूहांत किती जणांनी पहिल्यांदा देवनागरीत चार ओळी लिहिल्या असतील. वर्तमानपत्रांच्या सुरुवातीच्या मराठी संकेतस्थळांवर पानासोबत उतरणारा फॉन्ट असे आणि तो बहुधा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चाले. ती पानं इंटरनेट आर्काइव्हमध्ये कुठे जपली असली, तरी आज उघडली की आपल्या पेजमेकरच्या फाइलींसारखीच रोमन बाराखडी दिसते.

म्हणून प्रत्येक लेखाच्या फाइलीत पहिल्या ओळींत लेखक, वर्ष, अंक, पान. वेगळ्या डेटाबेसात नाही, त्याच फाइलीत. कुणी एक फाइल उचलून नेली तरी नाव तिच्यासोबत जाईल. साधा मजकूर, यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून ही रचना आखली. या कामात मी ज्या ज्या गोष्टींवर विसंबून आहे, त्यांत सगळ्यात जास्त भरवसा मला तिचा वाटतो.

२ ऑगस्ट

समितीतल्या एका तरुण सभासदाने सुचवलं की रूपांतर झालेला मजकूर एआयला देऊन शुद्ध करून घेऊ, वेळ वाचेल. आम्ही दोघांनी बसून एक लेख देऊन पाहिला. २००३ च्या अंकात १९३० च्या दशकातला एक जुना लेख पुनर्मुद्रित केला होता, त्या काळच्या लेखनपद्धतीसकट : नाहीं, घरांत, त्यांस, कां, आम्हीं. आजचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली, आणि त्यांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले.

एआयने विचारल्याशिवाय सगळे अनुस्वार उतरवले. वाचायला सुरेख झालं. एका ठिकाणी ‘तेथें पाण्याचा दुष्काळ नाहीं’ मधलं ‘तेथें’ काढून ‘गावात’ घातलं, कारण वाक्य तसं जास्त सरळ वाटतं. एका बोलीतल्या शब्दाच्या जागी प्रमाण शब्द आला. त्या सभासदाने मूळ अंक शेजारी धरला आणि स्वतःच म्हणाला, "दादा, हे तर दुसऱ्याच कुणी लिहिल्यासारखं झालंय."

मी रोजच्या नोकरीत एआय वापरतो, चाचण्या लिहायला, अनोळखी कोड समजून घ्यायला, आणि त्याचा उपयोग होतो. पण नकाशाने केलेल्या रूपांतरातली चूक ठळक असते : एक घर चुकलं तर ते प्रत्येक पानावर सारखंच चुकतं, दिसतं, आणि एका ओळीत दुरुस्त होतं. एआयची चूक सुरळीत वाक्याच्या आत दडते. ती सापडायला मूळ प्रत शेजारी ठेवून शब्द न् शब्द वाचावा लागतो, आणि तेवढं वाचायचंच असेल तर वेळ कुठे वाचला? शिवाय लिहिणाऱ्याने अनुस्वार दिला तो दिला. तो काढायचा अधिकार आपला नाही.

ठरलं ते असं. साठवलेला मजकूर छापील अंकाप्रमाणे, मुद्रणदोषांसकट. शोधासाठी त्याची दुसरी प्रत यंत्र आपोआप बनवेल, तिच्यात अनुस्वार आणि ऱ्हस्वदीर्घ सैल केलेले असतील. वाचकाने ‘नाही’ टाकलं तर ‘नाहीं’ही सापडेल, पण पडद्यावर लेखकाचंच ‘नाहीं’ दिसेल. एआयचं काम संशयित जागा दाखवण्यापुरतं : ‘इथे बघा’ एवढंच त्याने सांगायचं, बदल माणसाने मूळ अंक पाहून करायचा. तो सभासद आता हेच काम बघतोय, आणि बारकाईने बघतोय.

१६ ऑगस्ट

सीडी न वाचलेल्या वर्षांपैकी १९९६ चा अंक टेसरॅक्टमधून काढला. अक्षरं बरी आली. जाहिरातींची पानं मात्र विस्कटली. ती चित्र म्हणूनच ठेवू. गावातल्या तेव्हाच्या दुकानांच्या जाहिराती आहेत, कुणाला तरी त्या लेखांहून जास्त हव्या असतील.

२४ ऑगस्ट

हक्कांचा प्रश्न आज समितीपुढे मांडला. भारतात लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क त्याच्या वारसांचा. अंकात छापायला लेखकांनी दिलं होतं, जालावर टाकायला नव्हे. तेव्हा अशी कल्पनाच नव्हती. ‘कोण विचारतंय’ असा सूर निघाला, पण मॅडम ठाम राहिल्या आणि मला बरं वाटलं. ज्या कवयित्रीचं नाव फिरता फिरता गळलं, तिच्या बाबतीत आपणही न विचारता पुढे जायचं हे जमणार नाही.

तर : सूची सगळ्यांची खुली, कारण नाव, शीर्षक, वर्ष आणि पान ही माहिती आहे. पूर्ण मजकूर परवानगी आली की. बाकीचे लेख वाचनालयात येऊन संगणकावर वाचता येतील. पत्राचा मसुदा मॅडमनी लिहिला, माझ्या मसुद्यापेक्षा कितीतरी आपुलकीचा. पत्ते अंकांतच छापलेले आहेत, त्यातले बरेच जुने, म्हणून काका आणि ताई दोघं बसून कोण आता कुठे राहतं ते सांगतायत. ताईंनी शिक्षिकाबाईंच्या मुलीचा नंबर मिळवला आहे. तिच्याशी मॅडम सोमवारी बोलतील. कोड आणि फॉन्टाचा नकाशा एमआयटी परवान्याने, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येईल असा, खुला केला. त्याच फॉन्टात अडकलेले अंक आणखी बऱ्याच गावांच्या छापखान्यांत असणार. दोन ठिकाणांहून विचारणा आली आहे, त्यांना तक्त्याचं चित्र आणि चाचण्यांचे शब्द पाठवतोय.